दोन्हीकडून वारा

आमच्या अबुधाबीच्या घरात सोफ्याच्या वर एक फोटो टांगलेला आहे. कधीकाळी रंगीत होता, आता सगळा आमटीच्या रंगाचा झालाय. त्यात एका स्टेजवर पुठ्ठ्याची दोन लढाऊ जहाजं समोरासमोर उभी आहेत. दोघांना पांढऱ्या चादरींची शिडं, आणि ती अशी टम्म फुगलेली की आता फाटतील. मधोमध एक बाई. डोक्यावर तिकोनी टोपी, ओठावर काजळाची मिशी, हातात लाटण्याला चंदेरी कागद गुंडाळून केलेली दुर्बीण. हनुवटी इतकी वर केलेली, की फोटो काढणाऱ्याला नाकपुड्यांखेरीज फारसं काही दिसलं नसावं.

ती बाई म्हणजे मी. पण हल्ली मी तिचा उल्लेख ‘ती बाई’ असाच करते. फार जवळचं नातं दाखवायला नको वाटतं.

तेव्हा आम्ही शारजात, रोल्लाला राहायचो. नवीन संसार होता, आणि मराठी मंडळाच्या कार्यक्रमात काहीतरी ‘वेगळं’ करून दाखवायचं, एवढा एकच ध्यास त्या बाईने घेतला होता. बाकीच्या बायका कोळीनृत्य बसवत होत्या. हिने शिडाच्या जहाजांची लढाई बसवली. बाईचं माहेर साताऱ्याकडचं. समुद्र पाहिला तो लग्नानंतर, तोही विमानाच्या खिडकीतून. पण आत्मविश्वास असा, की खलाशांनी येऊन शिकवणी लावावी.

लेखन हिचं, दिग्दर्शन हिचं, मुख्य कप्तान हीच. शिवाय सगळ्यांची वाक्यं हिला पाठ, आणि ती हिच्या पोटात राहायची नाहीत. त्यामुळे प्रेक्षकांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू आलं. आधी मिशीच्या आडून माझ्या आवाजात, मग ज्याचं होतं त्याच्या.

शिडं फुगावीत म्हणून दोन टेबलफॅन होते. एक डाव्या विंगेत, एक उजव्या. डावा आमच्या ह्यांच्या ताब्यात. तालमीच्या वेळी हे म्हणाले होते, “अगं, पण वारा...”

“तुम्ही फक्त बटण दाबा,” ती बाई म्हणाली.

ह्यांनी बटण दाबलं. शिडं फुगली, टाळ्या पडल्या, फोटो निघाला. त्यानंतर त्या लढाईचा विषय मी इतक्यांदा काढला, की आमच्या लेकाला लहानपणी खरंच वाटायचं, आई आधी नौदलात होती आणि मग लग्न झालं म्हणून सोडलं.

आता गेल्या दिवाळीचं सांगते.

आमच्या इथल्या मंडळात दिवाळीला किल्ल्यांची स्पर्धा असते. इथे अंगण नाही, म्हणून प्लायवूडच्या फळीवर किल्ला करायचा, आणि स्पर्धेच्या दिवशी तो गाडीच्या डिकीत घालून हॉलवर न्यायचा. रस्त्यातल्या प्रत्येक स्पीडब्रेकरला एकेक बुरूज ढासळतो. हॉलच्या पार्किंगमध्ये सुटाबुटातले बाप हातावर चिखल घेऊन तटबंदी लिंपत असतात. इथल्या वाळूचं काही उभं राहत नाही, म्हणून माती अल ऐनहून येते. लेकाला कामासाठी तिकडे जावं लागतंच. दिवाळीच्या आधीच्या खेपेला तो तिथल्या नर्सरीतून गोणी टाकून आणतो आणि पुढे महिनाभर गाडीला पावसाळ्यातल्या शेतासारखा वास येतो.

किल्ला झाला की मुलाने माइकसमोर उभं राहून त्याची माहिती सांगायची, आणि ती मराठीत. हा नियम.

त्याच्या आदल्या वर्षी आमची नात, तेव्हा नऊ वर्षांची, माइकसमोर उभी राहिली. किल्ला सुरेख झाला होता. सुरुवातही झकास केली. मग मध्येच तिचं मराठी संपलं. आधी हिंदी आलं, मग इंग्लिश आलं, मग काहीच येईना. मी तिसऱ्या रांगेत होते. ती बाई कुठे गेलेली नाही, माझ्याच साडीत लपून बसलेली असते. मी पुढचं वाक्य सांगितलं. हळूच सांगितलं, असं माझं म्हणणं आहे. पण ते पोरीच्या आधी माइकनेच पकडलं आणि हॉलभर घुमलं. कुणीतरी “अगं बाई, किती गोड!” म्हणालं आणि सगळे हसले. प्रेमानेच हसले. पण नऊ वर्षांच्या मुलीला त्या हसण्याचा प्रकार कळत नाही, आवाज कळतो.

त्यानंतर पोरीचं घराबाहेरचं मराठी खलास. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकू भेटायच्या, कौतुकाने मराठीत विचारायच्या, “काय गं, शाळा कशी चाललीय?” आणि ही बुटांकडे बघून म्हणायची, “गुड, थँक यू.” काकूंनाही अखेर “हाऊ इज स्कूल?” वर यावं लागलं. लेक म्हणाला, “जाऊ दे, आई, फोर्स नको करू.” सूनबाईने घरातल्या घरात पोरीशी मराठी वाढवलं. वाढलं ते घरातच.

म्हणून गेल्या वर्षी दसरा झाल्यावर नात स्वतःहून माझ्याजवळ आली, तेव्हा मी हातातला निवडायचा लसूण खाली ठेवला.

“आजी, आय वॉन्ट टू डू अ सी बॅटल. किल्ला नको. अँड आय विल स्पीक.”

“मराठीत?”

“हो. सगळं मराठीत. पण तू प्रॉम्प्ट नाही करायचं. प्रॉमिस.”

“मी? मी कधी प्रॉम्प्ट करते?”

सोफ्यावर बसलेल्या तिघांनी, म्हणजे लेक, सून आणि हे, एकमेकांकडे न बघण्याची फार काळजी घेतली.

“प्रॉमिस,” मी म्हणाले.

तिला ती लढाई शाळेच्या लायब्ररीतल्या एका जाड पुस्तकात सापडली होती. दोन फ्रिगेटची. फ्रिगेट म्हणजे शिडाचं लढाऊ जहाज. फार मोठं नाही, पण चपळ. दोन देशांची दोन फ्रिगेट हिंदी महासागरात कुठेतरी समोरासमोर आली. देशांची नावं कशाला घ्या, दोघांचेही पासपोर्ट आजही आपल्यापेक्षा भारी आहेत. दुपारभर तोफा डागल्या. एकाची डोलकाठी मोडली, दुसऱ्याच्या शिडांची चाळण झाली. मग दोघं आपापल्या वाटेने गेले आणि घरी जाऊन दोघांनीही सांगितलं, आपण जिंकलो.

“पुस्तकात फक्त हाफ पेज आहे,” नात म्हणाली. “नोबडी केअर्स अबाउट इट. म्हणून मला आवडली.”

मला तर ती फारच आवडली. एवढं भांडून शेवटी दोघंही बरोबर, हे मी संसारात अनेक दुपारी अनुभवलं आहे.

“लढाईचं माझ्यावर सोड,” मी म्हणाले. “हा फोटो बघ. तुझी आजी या विषयातली जुनी जाणकार.”

पोरीने सोफ्यावर चढून फोटो न्याहाळला. डावं जहाज बघितलं, उजवं बघितलं, परत डावं.

“आजी, धिस इज राँग.”

“काय राँग? मिशी?”

“दोन्हीची शिडं एकमेकांकडे फुगलीयेत. वारा दोन्हीकडून कसा येईल? विंड कम्स फ्रॉम वन साइड ओन्ली.”

शारजातल्या त्या कार्यक्रमाला आलेले सगळे इंजिनिअर, अकाउंटंट, बँकवाले टाळ्या वाजवून गेले. वर्षानुवर्षं आलागेला पाहुणा त्या फोटोखाली बसून चहा प्याला. कुणालाही हे दिसलं नव्हतं. मलाही नाही.

ह्यांनी पेपर खाली ठेवला. “मी तेव्हाच म्हणालो होतो.”

“तुम्ही ‘पण वारा’ एवढंच म्हणाला होतात!”

“पुढचं बोलू कुठे दिलंस?”

हे त्या दिवशी इतके खूश होते की त्यांनी स्वतःच्या हाताने चहा केला. मलाही दिला. चांगला झाला होता, तेही सहन केलं.

मग नातीने मला समजावलं, की सगळी लढाई वाऱ्याचीच असते. ज्याच्या पाठीशी वारा, तो ठरवणार कधी जवळ जायचं, कधी लांब राहायचं. दुसऱ्याने वाट बघायची. मला लगेच कळलं. माझ्या सासूबाई स्वयंपाकघरात गॅससमोर उभ्या राहायच्या आणि मी ओट्याच्या कडेला. वारा त्यांच्या पाठीशी होता. युद्धशास्त्र मला आधीपासून येत होतं, फक्त ते पाण्यावरही चालतं हे माहीत नव्हतं.

कामाला लागलो. जहाजं ताकाच्या मोठ्या बाटल्या उभ्या कापून केली आणि वर तपकिरी कागद चिकटवला. डोलकाठ्या कबाबच्या काड्यांच्या. शिडं ह्यांच्या जुन्या मलमलच्या सदऱ्याची. तोफा काही केल्या जमेनात. स्ट्रॉ कापून पाहिल्या, त्या तोफा न दिसता स्ट्रॉच दिसत होत्या. शेवटी मी डब्यातून लवंगा आणल्या आणि जहाजांच्या पोटात ओळीने टोचल्या. काय दिसल्या म्हणून सांगू! मागचा दांडा आत, पुढचं तोंड बाहेर. शिवाय युद्धाला मसालेभाताचा वास. धुरासाठी मी धूप लावणार होते, तर सूनबाई ओरडली, “आई, हॉलला स्मोक डिटेक्टर आहे, वरून पाऊस पडेल!” मग वातींचा कापूस पिंजून धूर केला.

समुद्र म्हणजे नात तान्ही असतानाचा फुगवायचा टब. पाण्यात सुनेने निळीचे दोन थेंब टाकले.

अडचण वेगळीच होती. लेकाने मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, तर उत्तर आलं की स्पर्धा किल्ल्यांची आहे, तेव्हा किल्ला हवा, आणि किल्ल्यावर महाराज हवेत. पोरीचा चेहरा उतरला. परक्या दोन जहाजांच्या भांडणात महाराजांचं काय काम?

“काम कशाला हवं?” मी म्हणाले. “बघायला बसतील.”

टबाच्या कडेला अल ऐनच्या मातीचा छोटा जलदुर्ग उभा केला. त्यावर अळीव पेरले. वरच्या बुरुजावर महाराज सिंहासनावर, आणि तटावर मावळे ओळीने समुद्राकडे तोंड करून. प्रत्येकाच्या पायाशी मी एकेक शेंगदाणा ठेवला. बाहेरचे दोघे भांडतायत आणि आपण सावलीत बसून बघतोय, याहून समाधानी किल्ला मी पाहिलेला नाही.

वाऱ्याचं खातं पुन्हा ह्यांच्याकडे. एकच टेबलफॅन. बाल्कनीत तालीम झाली. लांबचं जहाज नातीने तळाला दगड बांधून एका जागी ठेवलं होतं, जवळचं मोकळं. ह्यांनी बटण दाबलं की मोकळं जहाज ऐटीत सरकत दुसऱ्यावर चालून जायचं आणि त्या चालीवर नातीची गोष्ट बसवलेली होती. जहाज निघालं की एक वाक्य, मध्यावर आलं की दुसरं, भिडलं की तोफा. वाक्यं तिचीच, मी फक्त ऐकत होते. ओठ मिटून. त्याचा मला त्रास झाला, पण बाहेर दाखवला नाही.

स्पर्धेच्या सकाळी पर्समध्ये बेसनाच्या लाडवांचा डबा टाकला. भुकेसाठी नव्हता तो. ती बाई बोलायला लागली तर तिच्या तोंडात काहीतरी कोंबायला हवं होतं.

हॉल गच्च भरलेला. आमच्या शेजारच्या किल्ल्यावर रंगीत दिवे, कारंजं, आणि रिमोटने उघडणारा दरवाजा. आम्ही टब भरला, जहाजं सोडली, हे फॅनपाशी उकिडवे बसले. दोन्ही बाजूंना जमिनीवर मांड्या घालून लहान मुलं. नात माइकसमोर गेली. हातात कागद नाही. मी पहिल्याच रांगेत, कारण तिसऱ्या रांगेतून काय होतं ते मागच्या वर्षी दिसलं होतं.

“नमस्कार,” ती म्हणाली. “ही एक छोटी लढाई आहे. कुणाला माहीत नाही, कारण कुणी जिंकलं नाही.” लोक सरसावून बसले. माझा ऊर भरून आला. “वारा पश्चिमेकडून येत होता. पहिलं जहाज निघालं.”

ह्यांनी बटण दाबलं. फॅन फिरला. जहाज निघालं नाही.

हे बघा, आम्ही सगळे इथे निम्मं आयुष्य घालवलेली माणसं. इथे वारा जमिनीवरून येतच नाही, छतातून येतो, हे आम्हाला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. तरी तालीम केली बाल्कनीत! हॉलच्या एसीचा झोत नेमका टबावर येत होता, फॅनच्या तोंडावर. दोन वारे मध्ये भेटले आणि जहाज जागच्या जागी भोवऱ्यासारखं सावकाश गोल फिरू लागलं. शत्रूकडे पाठ करून उभं राहिलं. ह्यांनी फॅन वाढवला. जहाज उलट्या बाजूने फिरलं.

“पहिलं जहाज... निघालं,” नात परत म्हणाली.

नाही निघालं.

मागे कुणीतरी हसलं. पोरीचे कान लाल झाले. मागच्या वर्षी शब्द संपायच्या आधी असेच झाले होते. माझ्या जिभेवर तीन वाक्यं तयार होती, तिन्ही उत्तम. तिने माझ्याकडे बघितलं. मी डबा उघडला आणि अख्खा लाडू तोंडात घातला.

बेसनाचा लाडू अख्खा खायचा नसतो. तो टाळूला जाऊन असा बसला की बोलणं सोडा, श्वासही परवानगी काढून घ्यावा लागत होता. डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्या बाईंना वाटलं मी भावुक झाले, त्यांनी माझा हात दाबला.

मग नातीने टबाकडे बघितलं आणि खांदे उडवले.

“वारा खलास,” ती म्हणाली.

सगळा हॉल हसला. मी श्वास रोखला. तसाही रोखलेलाच होता. पोर दचकली, पण थांबली नाही.

“असं होतं समुद्रात. वारा गेला की कुणी हलत नाही. मग तोफा पण लांब. मग ते काय करणार? ते ओरडतात. हा म्हणतो, तू ये! तो म्हणतो, तू ये! हा म्हणतो, मला वारा नाही. तो म्हणतो, मला पण नाही. मग... मग जेवायची वेळ होते.” पुन्हा हशा. “ते विचारतात, तुमच्याकडे काय भाजी? आणि हे मावळे वरून बघतायत, त्यांना कंटाळा आला, त्यांनी शेंगदाणे संपवले. महाराज म्हणाले, अरे, यांना कुणीतरी ढकला, मला कामं आहेत!”

यातलं एकही वाक्य तालमीतलं नव्हतं. पुस्तकातलं तर नव्हतंच. मध्ये एक ‘ॲक्चुली’ आला, एक ‘मतलब’ आला, कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. तिचंही नव्हतं.

मग ती माइक हातात घेऊन टबाशी आली आणि जमिनीवर बसलेल्या पोरांकडे बोट केलं. “तुम्ही सगळे इकडून फुंका. तुम्ही तिकडून. आजोबा, तुम्ही फॅन बंद करा. चला, यल्ला!” वाकून तिने दुसऱ्या जहाजाचा दगडही सोडवला.

पोरांना एवढंच हवं होतं. दोन्हीकडून गाल फुगले. दोन्हीकडून वारा सुटला, थुंकीसकट. आणि माझ्या डोळ्यांदेखत दोन्ही फ्रिगेट एकमेकांवर चालून निघाली. दोघांचीही शिडं टम्म फुगलेली, दोघांचीही एकमेकांकडे.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी बंद फॅनच्या मागून माझ्याकडे बघितलं. सोफ्याच्या वरचा फोटो आम्हा दोघांच्याही डोळ्यांपुढे होता. नेमक्या त्या क्षणाला, ज्याची ती बाई आयुष्यभर वाट बघत होती, मला तोंड उघडता येत नव्हतं.

“कळलं, कळलं,” हे हात वर करून म्हणाले.

जहाजं धाडकन आपटली. लवंगा पाण्यात सांडल्या, कापसाचा धूर भिजून बुडाला, एक डोलकाठी मोडली. “आणि मग दोघं घरी गेले,” नात म्हणाली, “आणि दोघं म्हणाले, मी जिंकलो. धन्यवाद.” टाळ्या अशा पडल्या की जलदुर्गाचा एक बुरूज खचला.

बक्षीस कारंज्यावाल्या किल्ल्याला मिळालं. परीक्षक आमच्या टबाशी येऊन म्हणाले, “छान होतं, पण यात किल्ला थोडा कमी पडला.” नात म्हणाली, “हो, पण मावळ्यांना मजा आली.” मराठीत म्हणाली. ते गृहस्थ हसले, तीही हसली आणि पोरांबरोबर लवंगा वेचायला पळाली.

परत आल्यावर लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. त्यांनी सवयीने विचारलं, “सो, हाऊ वॉज द काँपिटिशन?”

“काकू, काय झालं माहितीये?” नात सुरू झाली. “वाराच गेला! सगळा हॉल ओरडत होता. मग माझी दोन्ही जहाजं अशी भिडली, अशी भिडली, की एक बुडालं. मग दुसरं पण बुडालं. महाराज उठून उभे राहिले...”

लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली. काकूंनी दार धरून ठेवलं. एकही जहाज बुडालं नव्हतं. महाराज मातीचे, ते सिंहासनाला चिकटवलेले होते. माझ्या तोंडात वाक्य तयार झालं.

मी पर्समध्ये हात घालून डबा चाचपला. एक लाडू उरला होता.